पुंजारामचे मक्याचे पानगे

एका गावात एक भोळा बाप होता. तसे भोळे प्रत्येक गावात दोन-चार असतात. या गावाच्या वाट्याला एकच आला होता, पण तो अख्ख्या गावाला पुरून उरत होता. त्याचं नाव पुंजाराम. अंगाने धिप्पाड, मनाने लोणी, आणि डोक्याने कसा होता ते तुम्हाला पुढे कळेलच, मी कशाला माझ्या तोंडाने सांगू?

पुंजारामला कामाचा कंटाळा नव्हता, हे आधी सांगून ठेवतो. सांगितलेलं काम तो सांगितल्याबरहुकूम करी. गाव म्हणायचं, सगळी गोम तिथंच आहे.

एकदा त्याची बायको कौतिक म्हणाली, "अहो, न्हाणीतला दगड फार मळलाय. असा घासा, की तोंड दिसलं पाहिजे." पुंजारामने दगड दिवसभर साबणाने घासला. तोंड काही दिसेना. मग त्याने वरून खोबरेल तेल चोपडलं. तेव्हा जरासं दिसलं. संध्याकाळी कौतिक पाय धुवायला गेली. तिलाही तोंड दिसलं, अगदी जवळून दिसलं. उजव्या हाताचं हाड मोडलं आणि दीड महिन्याचं प्लास्टर बसलं.

घरात दोन पोरं. नऊ वर्षांची बेबी आणि सहा वर्षांचा रावशा. आईचा हात गळ्यात, आणि बापाला चहाशिवाय काही करता येत नाही. चहाही काळाच, कारण दूध घालायचं कधी हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. पोरं चार दिवस दुकानातल्या पाकिटांवर जगली. ती पिवळी, कुरकुरीत, नळीसारखी असतात ना, ती. रावशाची बोटं पिवळी झाली.

पाचव्या दिवशी कौतिकचे वडील आले. त्यांना सगळे आबा म्हणत. दोन वर्षांमागे डॉक्टरांनी आबांना रक्तात साखर असल्याचं सांगितलं, आणि त्या दिवसापासून आबा स्वतःच डॉक्टर झाले. तेल म्हणजे विष. मैदा म्हणजे विष. मीठ म्हणजे हळूहळू विष. उपदेश तेवढा त्यांच्या पथ्यात बसत होता, तो ते तिन्ही त्रिकाळ देत.

आबांनी रावशाची पिवळी बोटं बघितली. मग जावयाकडे बघितलं.

"जावईबापू, लेकीचा हात मोडलात. आता पोरांची पोटं मोडताय."

"नाही आबा. पोटाला मी हात लावला नाही," पुंजाराम म्हणाला.

आबांनी फर्मान काढलं. "येत्या रविवारी मी पुन्हा येतो. तुम्ही पोरांना बरोबर घेऊन, घरात, आपल्या हाताने एक पौष्टिक पदार्थ करायचा. तेलाचा थेंब नको. मला पटला, तर कौतिक इथं राहील. नाही पटला, तर ती आणि दोन्ही पोरं माझ्याबरोबर येतील. दिवाळीपर्यंत."

आबा गेले. पुंजाराम उंबऱ्यात बसून राहिला. दिवाळीला तीन महिने होते. पोरांची भांडणं कानावर पडली नाहीत तर त्याला घास उतरत नसे, हे त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. कौतिक रागावली नाही, तर दिवस उजाडल्यासारखा वाटत नसे, हे तर तिलाही ठाऊक नव्हतं. त्याला खरंच फार वाईट वाटलं.

कौतिकलाही माहेरी जायचं नव्हतं. मोडका हात घेऊन तीन महिने भावजयांच्या हातचं खायचं म्हणजे घासागणिक टोमणा. ती म्हणाली, "रडू नका. आपण मक्याचे पानगे करू. आत गाजर, वाटाणा, पनीर भरू. तळायचे नाहीत, केळीच्या पानात घालून भाजायचे. पोरंही खातील, आबाही खातील. मी बाजेवर बसून सांगते, तुम्ही नि पोरं करा. मी सांगते तेवढंच करा. आपली अक्कल लावू नका."

ही शेवटची सूचना तिने उगाच दिली. त्याने ती कधी लावली नव्हती.

सोमवारी कौतिक म्हणाली, "पोरांना घेऊन मळ्यात जा. मक्याची कोवळी कणसं आणा, वीस-पंचवीस."

पुंजाराम मळाभर फिरला. मोठी कणसं त्याने हात न लावता सोडली. बेबी म्हणाली, "बाबा, ही घ्या ना, ही भरलीत."

"बेबे, तू लहान आहेस, तुला कळत नाही. मला सांग, तू कोवळी की तुझी आजी कोवळी?"

पुंजारामने बोटाएवढी पंचवीस कणसं तोडून घरी आणली. कौतिकने एक सोललं. आत दाणा नाही, नुसते केस. दुसरं सोललं. पुन्हा केस.

"अहो, पानगे करायचेत की गंगावन?" कौतिक म्हणाली. "कणीस असं आणतात का? वरचं पान जरा बाजूला करायचं, नखाने दाबून बघायचं. दूध आलं तर घ्यायचं. नाही आलं तर सोडून द्यायचं."

"कळलं," पुंजाराम म्हणाला. "आता चूक होणार नाही."

आणि पुंजाराम खोटं बोलणारा माणूस नव्हता. एकदा केलेली चूक त्याने जन्मात दुसऱ्यांदा केली नाही. तो दर वेळी नवी करी.

मंगळवारी गावचा बाजार. कौतिक म्हणाली, "चटणीला टोमॅटो आणा. लालभडक बघून आणा."

गोजराबाईने टोमॅटोचा ढीग मांडला होता. पुंजाराम रावशाला घेऊन समोर बसला. त्याने एक टोमॅटो उचलला आणि नखाने दाबला. पाणी आलं. त्याने तो सोडून दिला. दुसरा दाबला. पाणी. तिसरा दाबला. गोजराबाई गाजरवाल्याशी बोलत होती. ती वळेपर्यंत अर्ध्या ढिगाला नखं लागली होती.

"काय चाललंय रे हे, पुंजाराम?"

"गोजराबाई, वाईट वाटून घेऊ नका," पुंजाराम दबक्या आवाजात म्हणाला, "पण तुमचे सगळे भाकड निघाले. एकालाही दूध नाही."

गोजराबाईने तो अर्धा ढीग त्याच्या पिशवीत ओतला आणि वर असं काही बोलली, की रावशाला चार नवे शब्द मिळाले. पुंजाराम पिशवी खांद्यावर टाकून भर उन्हातून घरी आला. पिशवीतून लाल पाणी गळत होतं आणि मागून तीन कुत्री चालली होती.

"माझे आई," कौतिक म्हणाली. "अहो, नाजूक माल आहे तो. ओल्या फडक्यात अलगद बांधायचा. सावलीसावलीने आणायचा. वाटेत अधूनमधून वर पाणी शिंपडायचं."

"कळलं. आता चूक होणार नाही."

बुधवारी पीठ. पानग्याला नुसते ओले दाणे वाटून चालत नाहीत, घट्टपणाला थोडं मक्याचं पीठ लागतं. पुंजाराम बेबीला घेऊन गिरणीवर गेला. दळण झालं. त्याने आपलं उपरणं गिरणीच्या हौदात बुचकळलं, त्यात पीठ अलगद बांधलं, आणि सावलीसावलीने निघाला. वाटेत तीन नळ लागले. तिन्ही नळांवर त्याने वरून पाणी शिंपडलं. वडाखाली थोडा वेळ थांबला, कारण सावली चांगली होती.

"बाबा, पिठाला पाणी कशाला?" बेबी म्हणाली.

"तू लहान आहेस. कालचा माल उन्हाने गेला की नाही? गेला. मग?"

घरी येईपर्यंत पिठाचा धोंडा झाला होता. उपरणं त्याच्यात होतं की तो उपरण्यात होता, ते सांगता येईना. रावशा खूश झाला. म्हणाला, "आई, मी याचा बैल करू?"

कौतिकने कपाळावर हात मारून घेतला. उजवा मारता येत नव्हता म्हणून डावा मारून घेतला. "अहो, पीठ कोरडं राहायला पाहिजे ना. डब्यात दाबून भरायचं. वर झाकण घट्ट लावायचं. वारा म्हणून लागू द्यायचा नाही."

"कळलं. आता चूक होणार नाही."

कौतिकने त्याच्या तोंडाकडे बघितलं. तिथं इतका प्रामाणिकपणा होता, की तिने तो धोंडा गुपचूप रावशाकडे सरकवला.

गुरुवारी चूल पेटवून बघायची होती. घरात गॅस होता, पण आबांच्या मते गॅसवरच्या अन्नाने वात होतो. पावसाळी हवेने काडेपेटी सर्दावलेली. कौतिक म्हणाली, "शेजारी यमुनाकाकूंची चूल पेटलीय. चार निखारे घेऊन या."

पुंजारामने फडताळातला डबा घेतला. निळा, प्लास्टिकचा, कौतिकच्या आईने दिलेला. यमुनाकाकू चुलीकडे तोंड करून भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "घे बाबा हवे तेवढे." पुंजारामने निखारे डब्यात भरले, वरून दाबले, झाकण घट्ट लावलं. वारा लागू नये म्हणून डबा पोटाशी धरला.

अंगणात पाऊल टाकतो तोच डब्याला बूड राहिलं नाही. निखारे पायावर आले. पुंजाराम ओरडला नाही. उडी मात्र मारली, आणि उडीतही झाकण सोडलं नाही. चुलीपाशी येऊन त्याने ते झाकण कौतिकपुढे धरलं. त्याच्यातून निळे धागे लोंबत होते.

"वारा अजिबात लागू दिला नाही," तो म्हणाला.

कौतिकने ते झाकण घेऊन बाजूला ठेवलं. मग ती फार हळू बोलली. मोठ्याने बोललं की प्लास्टर दुखायचं. "विस्तव खापरावर उघडा ठेवतात. दर दहा पावलांवर फुंकर घालतात. म्हणजे तो जिवंत राहतो."

"कळलं," पुंजाराम म्हणाला. पुढचं वाक्य कौतिकनेच पुरं केलं.

आता तुम्ही म्हणाल, बायकोने इतक्यावर थांबायला हवं होतं. पण घरात तिखट संपलं होतं. शुक्रवारी तिने त्याला मिरच्या कुटायला कांडपावर पाठवलं. बेबी शाळेत गेली होती, म्हणून बरोबर फक्त रावशा.

कांडपवाल्याने ताजं, लाल, बारीक तिखट दिलं. पुंजारामने बरोबर आणलेलं खापर पुढे केलं आणि तिखट त्यावर ओतून घेतलं. मग तो निघाला. दहा पावलं मोजली. फुंकर घातली. दहा पावलं मोजली. फुंकर घातली. रावशाला दहापर्यंत आकडे येत होते, तो मोठ्याने मोजत होता.

पहिल्या फुंकरीला शिंप्याची मशीन थांबली. दुसरीला देवळाच्या पारावर बसलेली म्हातारी माणसं उठली. तिसरीला शाळेकडून येणारे गुरुजी डोळे पुसत भिंत चाचपू लागले. चौथीला सगळी गल्ली रडायला लागली. बाया पदर डोळ्यांना लावून बाहेर आल्या, बापे खोकत नि नाकं शिंकरत बाहेर आले. आणि सगळ्यांनी बघितलं, की लाल डोळ्यांचा पुंजाराम समोर खापर धरून, पावलं मोजत, घराकडे चाललाय. मागे पोर रडत चाललंय.

गावाला कळायचं ते कळलं. कौतिकचा हात मोडला होता हे सगळ्यांना ठाऊकच होतं. यमुनाकाकूंनी मोठ्याने सूर काढला, "पोरी, जायचं तुझं वय होतं का गं." सगळे पुंजारामच्या मागे निघाले. दोघे जण बांबू बघायला गेलेसुद्धा.

कौतिक दारात उभी होती.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

यमुनाकाकू मध्येच थांबल्या. इतकं रडून झाल्यावर त्यांचा जरा विरसच झाला. "तू नाहीस होय?" त्या म्हणाल्या, आणि शिंकत घरी गेल्या.

खापरावर चिमूटभर तिखट उरलं होतं. पुंजाराम म्हणाला, "थोडं विझलं वाटेत."

त्या दिवशी कौतिकने त्याला काही शिकवलं नाही. तिने डोकं भिंतीला टेकलं आणि म्हणाली, "परवा आबा येणार. बहुतेक मला जावंच लागेल." तिचे डोळे भरून आले. पुंजारामला वाटलं तिखटाने आले, पण मग त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं आणि तो तर तिखटापासून केव्हाच लांब झाला होता.

शनिवारी कौतिकने शहाणपणा केला. तिने बेबीला सामान आणायला पाठवलं. अर्ध्या तासात बेबीने कणसं, पीठ, गाजर, वाटाणा, पनीर, तिखट, टोमॅटो, काडेपेटी सगळं आणलं. तिला कोणी काही शिकवलं नव्हतं. आठवडाभर ती हेच सांगत होती, पण लहान होती ना.

मग कौतिकने नवऱ्याला समोर बसवलं. "हे बघा. कणसं विसरा. टोमॅटो विसरा. गिरणी, विस्तव, तिखट, सगळं विसरा. एवढं एकच डोक्यात ठेवा. खाली केळीचं पान. पानाला पाण्याचा हात. त्यावर पानगा. वर दुसरं पान. खाली मंद निखारे. वर परात ठेवून तिच्यातही थोडे निखारे. घाई करायची नाही. मग काडी टोचायची. काडी ओली निघाली तर कच्चा आहे. कोरडी निघाली तर ती बाजू झाली. मग उलथण्याने उलटवायचा, मोडू द्यायचा नाही. मग दुसरी बाजू, तेवढाच वेळ. दोन्ही बाजू झाल्याशिवाय उतरवायचा नाही. म्हणा."

पुंजारामने म्हटलं. दहादा म्हटलं. रावशाने टाळ्यांवर त्याचं गाणं केलं. खाली पान, वर पान, मंद आग, काडी टोच, उलटव, दुसरी बाजू. तिघेही ते गाणं म्हणत चुलीपुढे बसले. बेबीने दाणे वाटले. पुंजारामने पीठ मळलं, त्याच्या हातांना ते काम छान जमलं. रावशाने सारण भरून गोळे थापले. त्याचा एक पानगा बैलाचा होता, शिंगांसकट.

आणि काय सांगू, पानगे झाले. बाहेरून सोनेरी, कडेला पानाचा हिरवा वास, आत गाजर-वाटाणा-पनीर. रावशाने आपला बैल खाल्ला, वर आणखी दोन खाल्ले. पाकिटाची आठवणही काढली नाही. पुंजाराम पोराकडे बघत राहिला. एवढी एक गोष्ट त्याला आयुष्यात नीट आली होती, आणि ती तो आता काही केल्या विसरणार नव्हता.

रविवारी दहाच्या एसटीने आबा आले. हातात दुहेरी पिशवी होती, लेकीचे कपडे भरायला. खरी गोष्ट अशी, की आबांनी गाडीतच चार माणसांना सांगून टाकलं होतं, "लेकीला आणायला चाललोय. जावई बिनकामाचा." चार माणसांनी माना डोलावल्या होत्या. आता पानगे अमृताचे झाले असते तरी आबांना रिकाम्या हाताने परत जाणं जड होतं.

पानगे झाले आणि चांगले झाले. आबा जेवायला बसले. एक खाल्ला. "हं," म्हणाले. दुसरा खाल्ला. चौथ्यानंतर "हं" म्हणणंही सोडलं. नऊ पानगे खाऊन त्यांनी ढेकर दिली आणि हात धुतले.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले. "कौतिक, सामान बांध. चारची गाडी."

"आबा, तुम्हीच मीठ कमी खायला सांगता," कौतिक म्हणाली.

"ते वेगळं."

"पण आबा, तुम्ही नऊ खाल्लेत," पुंजाराम म्हणाला.

"नऊ खाल्ल्याशिवाय चव कशी कळणार, जावईबापू?"

कौतिक आत जाऊन एका हाताने कपडे काढू लागली. बेबी ओठ चावत घड्या घालू लागली. रावशा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला. पुंजाराम माजघरात नुसता उभा होता. हात लोंबत होते. एवढं सगळं बरोबर करून कसं चुकलं, ते त्याला कळेना. एरवी चुकलं की कळायचं.

नऊ पानगे आबांच्या पोटात बसले, आणि पोट कमरेवर बसलं. सकाळपासून एसटीने कंबर धरलेलीच होती. आबा अंगणात लिंबाखालच्या बाजेवर आडवे झाले आणि कण्हू लागले.

"जावईबापू, गाडीला अवकाश आहे. जरा शेक द्या मला."

"शेक कसा देतात, आबा?"

आबा वैतागले. "एवढंही येत नाही? सकाळी पानगे भाजलेत ना? अगदी तस्साच द्यायचा. मंद, आणि दोन्ही बाजूंनी." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. जेवण अंगावर आलं होतं.

पुंजारामच्या तोंडावर उजेड पडला. हे त्याला येत होतं. हे त्याला चांगलं येत होतं. त्याने मनाशी म्हटलं, शेक जर झकास झाला, तर आबांचं मन वळेल. कौतिक राहील. पोरं राहतील.

तो परसात गेला आणि केळीची मोठी पानं कापून आणली. आबांना अलगद कुशीवर करून एक खाली सरकवलं. पाण्याचा हात फिरवला. आबांना गार वाटलं, ते झोपेतच "अहाहा" म्हणाले. मग वर दुसरं पान. मग घमेल्यात निखारे घेऊन घमेलं बाजेखाली सरकवलं. मग आबांच्या पोटावर परात ठेवली आणि तिच्यातही थोडे निखारे घातले. फार नाही. मंद.

"बेस," आबा पुटपुटले. "शेक मात्र जमतो हां तुम्हाला."

सासऱ्याने पुंजारामला बरं म्हटलेलं आयुष्यात हे पहिलंच. त्याला भरून आलं. तो शेजारी बसून हळू आवाजात म्हणू लागला, खाली पान, वर पान, मंद आग.

थोड्या वेळाने त्याने केरसुणीची एक हीर उपटली आणि पानाच्या कडेने आबांच्या कुशीत टोचली. आबांनी झोपेत तिथं चापट मारली. हीर घामाने ओली निघाली.

"कच्चे आहेत अजून," पुंजाराम म्हणाला, आणि घमेल्याला फुंकर घातली.

पाच मिनिटांनी त्याने पुन्हा टोचली. या वेळी घाम पार आटला होता, हीर कोरडी निघाली. एक बाजू झाली होती. पुंजारामने परात उतरवली आणि घरातून उलथणं आणलं. ते आबांच्या कमरेखाली घालून बघितलं. उलथणं वाकलं. मग तो गोठ्यात गेला आणि फावडं घेऊन आला.

आबांना जाग आली ती फावड्याने. डोळे उघडले तर खालून धूर येत होता. अंगावर केळीचं पान होतं. बाजेच्या सुंभाला जळका वास सुटला होता, आणि धोतराच्या सोग्यालाही. वर जावई वाकला होता, दोन्ही हातांत फावडं, आणि तोंडाने काहीतरी मंत्र.

"जावईबापू," आबा बारीक आवाजात म्हणाले, "काय चाललंय?"

"हलू नका, आबा. उलटवतोय. मोडाल."

ज्यांची कंबर धरली होती ते आबा बाजेवरून जे उठले, ते अंगणाच्या कुडावरून थेट रस्त्यावर. पिशवी राहिली. चपला राहिल्या. पाठीला केळीचं पान चिकटलेलं, सोग्यातून धुराची रेघ. आबा एसटी स्टँडाकडे पळत होते आणि त्यांच्या मागे फावडं घेऊन पुंजाराम पळत होता. पारावरची म्हातारी माणसं या वेळी वेळेवर उठली.

"आबा, थांबा," पुंजाराम जिवाच्या आकांताने सांगत होता. "दुसरी बाजू राहिली."

चारच्या गाडीला अजून अवकाश होता. दुसऱ्याच कुठल्या तरी गावाची गाडी सुटत होती. आबा तीत चढले. पाटी वाचली नाही. सकाळच्या चौघांतला एक जण आत बसला होता. त्याने विचारलं, "आबा, लेकीला आणणार होता ना?"

"लेक तिथंच बरी आहे," आबा म्हणाले. "तो मागून येतोय का तेवढं बघा."

गाडी गेली. धूळ बसेपर्यंत पुंजाराम तिथंच उभा होता. मग फावडं ओढत, मान खाली घालून, तो घरी आला.

घरी कौतिक दारात बसून हसत होती. आठवड्यात पहिल्यांदा हसत होती, आणि इतकी, की प्लास्टरचा हात दुसऱ्या हाताने धरावा लागत होता. बेबी बांधलेलं गाठोडं सोडत होती. रावशा आबांच्या पिशवीत बसला होता आणि पानगा खात होता. "अहो," कौतिक हसता हसता म्हणाली, "राहिलो आम्ही. कुठं जात नाही आता."

पुंजाराम तिच्या शेजारी उंबऱ्यात बसला. त्याला हसू आलं नाही. त्याला फार मनापासून वाईट वाटत होतं.

"कौतिक," तो म्हणाला, "मी सगळं बरोबर केलं होतं गं. पाच मिनिटं थांबायला हवं होतं त्यांनी. एका बाजूने कच्चेच गेले."